चौकटीवरचा तारा

जव्हार, कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १८५१

चि. चिंतामण यास,

आशीर्वाद नेहमीचेच, जुने आहेत पण चालतात. तुझे पत्र मामीने आधी वाचले आणि मग मला दिले. त्यात तू काय जेवतोस याविषयी एक अक्षर नाही, याचा जाब ती मला विचारते आहे. पुढच्या पत्रात निदान एका भाजीचे नाव घाल.

तू पितळी तारे मागितलेस ते पाठवतो. संस्थानात बालवीरांची पथके निघाली तेव्हा त्यांच्या चिटणीसपदासाठी माझ्याकडे बोट दाखवले गेले, ते का, हे तुला ठाऊक नसेल. नियमांचे पुस्तक इंग्रजी आहे, ते कुणालाच नीट कळत नाही, आणि न कळणारी पुस्तके हा आमच्या शाळेत माझा प्रांत समजला जातो. जन्मभर पोरांकडून संस्कृत शब्द चालवून घेतले, आता पन्नाशीजवळ दोरीच्या गाठी शिकतो आहे. मोठी पोरे ती बालवीर, आणि आठ ते अकरा वर्षांची चिल्लीपिल्ली ती वीरबाळ. वीरबाळाने दात घासावे, नखे कापावी, कोलांटी मारावी, गाठ बांधावी, घड्याळ वाचावे, तोंडी दिलेला निरोप शब्द न गाळता पोहोचवावा आणि खरे बोलावे. एवढे साधले की टोपीवर एक तारा. आणखी थोडे साधले की दुसरा.

आता माझी शंका. दात घासल्याबद्दल ज्याला तारा मिळतो, तो तारा मिळाल्यावर दात कशासाठी घासेल? तुझे म्हणणे, लहान मुलाला आपण केले ते कुणीतरी पाहिले एवढे कळले तरी त्याची उंची वाढते. असेल. मला पाठशाळेत शाल मिळाली तेव्हा मी ती भर वैशाखात पांघरून गावातून फिरलो होतो, तेव्हा या विषयात मी फार बोलू नये. पण बोरपाड्यावर टोपी कोणाच्या डोक्यावर आहे, आणि घड्याळ कोणत्या भिंतीवर, तेवढे कळव.

तुझा मामा,
त्रिंबकशास्त्री


बोरपाडा, पेटा मोखाडे, ता. २८ नोव्हेंबर १९२९

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

भाजी: करटुल्यांचा हंगाम गेला, सध्या वाल. मामीला सांगावे.

टोपी इथे कुणालाच नाही आणि घड्याळ माझ्या खिशात आहे तेवढेच. तेच सगळ्यांना आळीपाळीने दिले. मुले ते कानाला लावून आधी हसली आणि मग काटे वाचायला शिकली. पहिला तारा पोश्याला दिला. हा माघ्याचा मुलगा, नऊ वर्षांचा असेल, आईला नक्की आठवत नाही. तोंडी निरोपाच्या परीक्षेत मी त्याला खालच्या पाड्यावरच्या देवजीकडे पाठवले. निरोप मुद्दाम अवघड केला होता. देवजी मागून मला म्हणाला, "गुरजी, पोरगा आला, हात जोडून तुमच्यासारखाच खाकरला आन् मंग बोलला." खाकरणेसुद्धा गाळले नाही, मामा.

सदरा नाही, मग तारा लावायचा कुठे? नवशीने, म्हणजे पोश्याच्या आईने, जुन्या लुगड्याची बंडी शिवली आणि त्यावर लावला. संध्याकाळी माघ्या शाळेत आला. तारा हातात घेऊन त्याने दातांनी चावून पाहिला.

"गुरजी, यो दरबारचा ना?"

"दरबारचाच. तिकडून पाकिटातून आला."

"म्हंजे आमचा पोर दरबारात लागला."

मी हसून म्हटले, "लागला म्हण."

मामा, त्या दिवसापासून शाळेत बसायला जागा नाही. ज्यांना वर्षभर हाका मारून थकलो त्या सोन्या आणि जिवा यांच्या पोरांना त्यांचे बाप हाताला धरून आणून बसवतात. नवी मुले कोळशाने दात घासून ओठ काळे करून येतात आणि तोंड उघडून रांगेत उभी राहतात. लहानांना बक्षीस द्यावे की नाही या तुमच्या वादाला बोरपाड्याने उत्तर दिले आहे. तारे लवकर पाठवावे, जास्त पाठवावे.

आपला,
चिंतामण


जव्हार, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. चिंतामण यास,

तारे पाठवले. मामीने पाकिटात सुंठवडा कोंबला आहे, तेव्हा ताऱ्यांना वास आल्यास तो दरबारचा समजू नये.

तुझी शाळा भरली याचा मला आनंद झाला आणि लगेच मागोमाग संशय आला. आमच्या तर्कशास्त्रात कार्य दिसले की कारण शोधावे लागते, आणि ते कार्याच्या मापाचे असावे लागते. इथे गावात वकिलांच्या मुलाकडे दोन्ही तारे आहेत. त्यातला एक त्याने गोट्यांच्या बदल्यात दिला आणि आईने मार दिल्यावर परत आणला. दात घासून तारा मिळवण्यासाठी बाप आपल्या मुलाला हाताला धरून आणतो, तेही खळ्यावर भात पडलेले असताना, असे मी सबंध जव्हारात पाहिलेले नाही. तुझे शिकवणे चांगले असेल. इतके चांगले असेल असे मला, तुझा सख्खा मामा असूनही, वाटत नाही.

जरा चौकशी कर. पोरांकडे नको, ती तुला आवडेल ते सांगतील. बापांकडे कर.

त्रिंबकशास्त्री


बोरपाडा, ता. २४ डिसेंबर १९२९

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

चौकशी केली. केली नसती तर बरे होते.

मुलांच्या अंगावर तारे दिसेनात म्हणून मी पाड्यावर गेलो. तारे घरांच्या चौकटींवर होते. चौकटीच्या मधोमध बाभळीच्या काट्याने अडकवून, वर शेंदराचे बोट. इथे अशी समजूत आहे की ज्या घरात दरबारचे पितळ आहे त्या घराला वेठ नाही. पाटलाच्या घराला नाही, चौकीदाराच्या घराला नाही. त्यांच्या पट्ट्यावर बिल्ला असतो. आता पोश्याचा बिल्ला आला, म्हणजे माघ्याचे घर सुटले. मग बाकीच्यांनी का राहावे?

कुणी बाहेरगावचे शिकारी पाहुणे या रानात मुक्कामाला आले आहेत. त्यांची ओझी वाहायला आणि जनावर उठवण्यासाठी रानात हाका घालायला माणसे हवीत म्हणून परवा शिपाई पाड्यावर आला. माघ्याने चौकटीकडे बोट केले. शिपाई नवखा होता. त्याने तारा पाहिला, शेंदूर पाहिला, आणि कशाला करावा हे न कळून दोन्हींना मिळून एक रामराम केला. पुढच्या घराकडे वळला तर तिथेही तारा. शेवटी रिकामा परत गेला. बायका अजून त्याची नक्कल करून हसत आहेत. मीही हसलो.

रात्रीपासून मात्र हसू येत नाही. माघ्याचे भात अजून झोडायचे आहे. नवशीचे दिवस भरत आले आहेत. तो वेठीला गेला तर खळे तसेच पडून राहील आणि डुकरे खातील, म्हणून त्याचा सगळा जीव त्या ताऱ्यात अडकला आहे. तो मला भेटला की हात जोडतो. मी त्याला काय सांगू? तारा म्हणजे काही नाही, असे?

चिंतामण


जव्हार, मार्गशीर्ष वद्य एकादशी

चि. चिंतामण यास,

हे पत्र मिळेल त्या पावली पाड्यावर जा आणि चौकटींवरचे तारे स्वतःच्या हाताने काढ. तारा म्हणजे काही नाही, हेच सांग. राग येईल, येऊ दे.

पाहुण्यांच्या बंदोबस्तावर जे साहेब आहेत त्यांच्याकडून विचारणा आली आहे: पितळी बिल्ले कोणाच्या हुकुमाने वाटले? ती फिरत फिरत चिटणीस म्हणून माझ्या मेजावर आली. मी उत्तर लिहिले की ही शाळकरी मुलांची भूषणे आहेत, त्यांचा वेठीशी संबंध नाही, पाड्यावरच्या लोकांची भाबडी समजूत झाली आहे, तरी क्षमा व्हावी. मसुदा चांगला उतरला होता. मुख्याध्यापकांनी वाचून मान डोलावली. साहेबांनी मसुद्याकडे पाहिलेसुद्धा नाही असे ऐकतो.

माघ्याला समजाव की त्याने आपण होऊन जावे. आपण होऊन गेला तर थोडक्यात सुटेल. खळ्याचे काहीतरी बघू. काय बघू ते मला आत्ता माहीत नाही.

त्रिंबकशास्त्री


बोरपाडा, ता. ३ जानेवारी १९३०

तीर्थरूप मामांस नमस्कार.

पत्र मिळाले त्याच दिवशी गेलो. कुणी ऐकले नाही. माघ्या समजुतीच्या स्वरात म्हणाला, "गुरजी, तुमाला भ्या वाटला म्हून तुमी असं बोलता. भिऊ नका. तुमच्यावर काय येनार नाय." तो मला धीर देत होता.

मी पोश्याला बाजूला घेतले. त्याला म्हटले, हा तारा तुझ्या हुशारीचा आहे, घर सोडवण्याचा नाही. तो विचार करून म्हणाला, "गुरजी, तुमी बाबाला सांगतलं व्हतं, पोर दरबारात लागला. तवा खोटं बोललं, का आता?"  खरे बोलेन, हे वीरबाळाचे वचन मीच त्याच्याकडून पाठ करून घेतले आहे.

काल शिपाई आले, या वेळी बरेच. तारे पाहून त्यांनी रामराम केला नाही. बाकीच्यांनी आपापले तारे काढले आणि मुकाट्याने ओझी उचलली. सगळ्यांत आधी नाही कोण म्हणाला, असे विचारल्यावर माघ्या पुढे झाला. त्याला बांधून जव्हारला नेले. मला हुकूम झाला आहे की चौकशी संपेपर्यंत शाळा सोडून हलायचे नाही.

पोश्या बापामागे निघाला आहे. बरोबर नवशीचा भाऊ रघ्या आहे, पण कचेरीत तो तोंड उघडणार नाही. आणि टपाल मागून पोहोचेल, म्हणून तुमच्यासाठीचा निरोप मी पोश्याच्या तोंडी दिला आहे. चौकटीवरचा तारा त्याने काढून पुन्हा बंडीला लावला. मामा, तो पोहोचला की त्याला काही खायला घाला. आणि साहेबांना एवढेच सांगा की ताऱ्याला काहीतरी मान आहे. थोडासा का होईना, आहे असे सांगा.

चिंतामण


जव्हार, पौष शुद्ध सप्तमी

चि. चिंतामण यास,

झाले ते क्रमाने लिहितो. क्रम चुकला तर मीच काहीतरी बरे घडल्यासारखे लिहीन अशी मला धास्ती आहे.

तुझा पोश्या आला तेव्हा मी संध्या करत होतो. तो दारात उभा राहिला, हात जोडले, खाकरला, आणि म्हणाला, "मामांना नमस्कार. माघ्याने चोरी केली नाही, मारामारी केली नाही. त्याचे भात खळ्यावर आहे. तारा दरबारचा आहे असे साहेबांना सांगावे." एक शब्द गाळला नाही. मामीने भाकरी वाढली. त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी बापासाठी बंडीत ठेवली. रघ्याला आत बोलावले, तो अंगणातच बसला.

सकाळी पोश्याला घेऊन कचेरीत गेलो. साहेब वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो. वाईट असता तर मला बोलणे सोपे गेले असते. हसतमुख आहे, मला खुर्ची दिली, शास्त्रीबुवा म्हणाला. माघ्या भिंतीशी उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला, कारण त्याच्या मते ताऱ्याचे पाकीट जिथून निघाले तो माणूस आता आला होता.

साहेबांनी विचारले, "शास्त्रीबुवा, हा तारा म्हणजे नेमके काय?"

मी म्हटले, "मुलाच्या गुणाची खूण आहे. संस्थानच्या पथकाकडून दिली जाते, म्हणून तिला एक प्रतिष्ठा आहे."

"प्रतिष्ठा असेल. त्याने वेठ माफ होते का?"

मी उपाधी आणि अधिकार यांतला भेद सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "होते की नाही, एवढेच."

"नाही."

"मग याने होते काय?"

मी पुष्कळ शोधले, चिंतामणा. व्याकरण झाले, न्याय झाला, तुझी सगळी पत्रे आठवून झाली. तोंडातून निघाले ते एवढेच: "मुलाला बरे वाटते."

कचेरीतले लोक हसले. थट्टेने नव्हे, प्रेमाने हसले. माघ्या हसला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने पायांकडे पाहिले.

साहेबांनी शिक्षा केली नाही. पाहुण्यांचा मुक्काम उठेपर्यंत माघ्याने ओझे वाहावे, एवढ्यावर सोडले. सगळे त्यांना उदार म्हणाले, मीही म्हणालो. मग त्यांची नजर पोश्याकडे गेली. "एवढ्या लांबून निरोप घेऊन आला तो हाच का? म्हण पाहू तुझे वचन." पोश्या पुढे झाला आणि त्याने ते सगळे म्हटले, खरे बोलेन, मोठ्यांचे ऐकेन, स्वतःचे हट्ट पुरवणार नाही. साहेब खूश झाले. मला म्हणाले, "दुसरा तारा असतो ना? या पोराला द्यायलाच हवा. आहे का जवळ?"

जवळ होता. चिटणीस आहे मी.

साहेबांनी तो स्वतःच्या हाताने लुगड्याच्या त्या बंडीवर लावला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच शिपायांनी माघ्याला बाहेर नेले. बंडीतली अर्धी भाकरी द्यायची राहून गेली.

घराकडे येताना पोश्याने माझे बोट धरले होते. वाटेत म्हणाला, "आता दोन झाले. आता बाबाला सोडतील ना?"

मी त्याला म्हटले, आधी घरी चल, मामीने भात टाकला आहे.

त्रिंबकशास्त्री


बोरपाडा, ता. १० फेब्रुवारी १९३०

तीर्थरूप मामांस नमस्कार.

पोश्या रघ्याबरोबर सुखरूप पोहोचला होता, हे कळवायला उशीर झाला. चौकशी संपली, मला समज देऊन सोडले. नवशीला मुलगी झाली. खळ्यावरचे भात मी आणि रघ्याने झोडले. मी झोडले ते पाहून बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग माझ्या हातून काठी काढून घेऊन त्यांनीच झोडले. निम्म्याहून जास्त डुकरांनी आधीच नेले होते.

पाहुण्यांचा मुक्काम उठला. सगळे वेठकरी परत आले, माघ्या आला नाही. देवजी सांगतो की माघ्या मोठा पेटारा एकटा उचलतो, म्हणून त्याला त्यांनी घाट चढून पुढे बरोबर नेले. कुठवर, ते देवजीला माहीत नाही. तुम्ही कचेरीत विचारावे.

शाळेत आता पोश्या एकटाच येतो. बाकीचे तारे मी हुकुमाप्रमाणे गोळा करून परत पाठवले. याचे दोन्ही राहिले, कारण दुसरा खुद्द साहेबांनी लावलेला आणि तो काढून घ्या असे कुणी म्हणाले नाही. नवशी एकदाच म्हणाली, "गुरजी, दोन तारे दिले आन् एक मानूस नेला." तिने ते रागाने म्हटले नाही.

मामा, पोश्याचा हिशेब असा आहे. एका ताऱ्याने शिपाई एकदा रिकामा परत गेला, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. मग तारे कमी पडले म्हणून बाबाला नेले. दोन झाले, तेही पुरत नाहीत. तेव्हा आणखी मिळवायचे. रोज सकाळी दात घासून येतो, माझ्यासमोर नखे धरतो आणि विचारतो, "गुरजी, तिसऱ्याला काय करायचं?" दोन ताऱ्यांच्या पुढे काय आहे ते मला माहीत नाही. पुस्तक तुमच्याजवळ आहे. पाहून कळवावे.

चिंतामण


जव्हार, माघ वद्य तृतीया

चि. चिंतामण यास,

माघ्यासाठी कचेरीत गेलो होतो. ते म्हणतात, पाहुणे हद्दीबाहेर गेले, बाहेरची चौकशी इथे होत नाही. कुणाकडे होते ते विचारले, तर साहेब रजेवर आहेत असे कळले. माझ्या खांद्यावर हात ठेवून कारकून म्हणाला, "शास्त्रीबुवा, येईल हो, जाईल कुठे." पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. तेव्हाही हेच म्हणेल, पण मी जाणार आहे. घाटावर, नाशकात ओळखीच्या दोघांना लिहिले आहे. त्यांनी माघ्या नावाचा माणूस शोधायचा कसा, ते मात्र मला लिहिता आले नाही. उंच आहे, पेटारा एकटा उचलतो, एवढेच लिहिले.

पुस्तक पाहिले. मामी दिवा धरून उभी होती, कारण मी पाने पुन्हा पुन्हा उलटत होतो. लहान मुलांना दोनच तारे आहेत. त्यापुढे काही नाही. अकरा वर्षे पुरी झाली की मुलगा बालवीर होतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी वाटले, तुला लिहावे की तिसऱ्यासाठी काहीही शिकव, पोहणे शिकव, झाडांची नावे लिहायला लाव, माघ्या येईपर्यंत पुरेल एवढे. तसे लिहून झालेही होते. मग मनात आले की तो उद्या ते सगळे शिकून येईल, खाकरून तुझ्यापुढे उभा राहील आणि तारा मागेल. तेव्हा तू काय करशील? म्हणून तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिले की त्याला सरळ खरे सांग. तोही फाडला. बापाची वाट पाहायला त्याच्याजवळ एवढे एकच काम आहे, ते मी जव्हारात बसून कसे काढून घेऊ?

मामी म्हणते, काही न लिहिण्यापेक्षा भाकरीचे लिहा, म्हणून लिहितो: त्याला रोज शाळेत काही खायला देत जा. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला आलेले नाही. उद्या सकाळी त्याने विचारल्यावर तू जे बोलशील, ते मला कळव.

त्रिंबकशास्त्री